ऋतुराजच्या रश्श्याला नावं ठेवल्याबद्दल

गंगावेश, कोल्हापूर
मंगळवार, म्हशींच्या धारा काढून झाल्यावर

चिरंजीव गणपतराव यांस,

(सत्तरी उलटली म्हणून 'यांस'. नाहीतर तुला 'यास'सुद्धा जास्तच झालं असतं.) थोरल्या बहिणीचा, शालूबाईचा, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, चिमणाबाईचा खोकला आणि गारगोटीच्या बाजारात कामाशिवाय फिरायची तुझी सवय, ही तिन्ही दुखणी एव्हाना उतरली असतील अशी आशा आहे. आम्ही इथं खुशाल. मी पुण्याला जाऊन राहून आले आणि मला काहीएक झालं नाही, याचं घरात काही जणांना जरा नवल वाटतंय. (सूनबाई, हेपण लिवायचं. हसायचं नंतर.)

पत्र आमची संयोगिता लिहितेय. आपल्या वडलांनी तुला शाळेत घातलं आणि मला तुझा डबा करायला घरी ठेवलं. दोघांच्या शिक्षणाचा निकाल आज सगळ्यांपुढं आहेच. संयोगिताचं माहेर सांगलीचं. मी आपल्याकडच्या बायांसारखं 'गेलतो' म्हटलं की ती 'गेले होते' लिहिते. माझं बोलणं धुऊन, पिळून, मग कागदावर वाळत घालते. राहू दे तिची हौस. फोन का केला नाहीस म्हणशील, तर तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल एवढ्यानं मी बोलले तर अख्ख्या गंगावेशीला कळतं. त्यात आमचा पोरगा हंबीरराव दिवसभर पुढच्या सोप्यात बसलेला, आणि त्याला कळू नये असंच सगळं आहे.

आमच्या ऋतुराजला, म्हणजे तुझ्या भाच्याच्या पोराला, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी आहे. न्यायला गाडी येते, चहा फुकट, खुर्ची गोल फिरते. एवढं सुख सोडून त्याला खानावळ काढायची आहे. हे कळल्यावर हंबीररावनं दोन दिवस माणसांशीच काय, म्हशींशीसुद्धा बोलणं टाकलं. मग निकाल दिला. म्हणाला, "आईनं जाऊन त्येच्या हातचं खायाचं. आई चांगलं म्हणाली तर काढ म्हणावं खानावळ. न्हाय म्हणाली तर गप नोकरी करायची." पोरानं 'बरं' म्हणून फोन ठेवला. बोलणार काय? या घरात मी कुणाच्या हातच्या जेवणाला चांगलं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. संयोगिता तीसेक वर्षं रांधतेय, तिलाही नाही. (लिही, लिही. खरं तेच सांगतेय.) स्वतःच्या तोंडानं पोराला नाही म्हणवेना, म्हणून हंबीररावनं आईचं तोंड भाड्यानं घेतलं. म्हशी राखता राखता हा एवढा हुशार कधी झाला, देव जाणे.

तर गेले. ऋतुराज म्हणाला, "आज्जी, आधी तुला बाहेर जेवायला नेतो, हल्ली लोक काय खातात ते बघ तरी." रविवारी सगळं पुणं जेवायला घराबाहेर असतं. घरात ओटा चकचकीत, मिक्सरला तीन भांडी, आणि माणसं हॉटेलच्या दारात आपलं नाव सांगून उभी, रेशनला उभी राहावी तशी. फरक एवढाच की रेशनला कुणी नटून जात नाही. हॉटेल म्हणे खास कोल्हापुरी जेवणाचं. आत गेलो तर काळोख. मला वाटलं लाईट गेली. ऋतुराज म्हणाला, मुद्दाम ठेवतात. (ताटात काय पडलंय ते दिसू नये म्हणून असेल.) मग परातीएवढी थाळी आली आणि तिच्या मधोमध मटणाचा एक तुकडा, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा. पांढरा रस्सा काचेच्या नळीत. तसली नळी मी एकदाच पाहिली होती, रक्त तपासायला दिलं तेव्हा. वर कपडे भिजवल्यावर येतो तसला फेस. तांबड्यावर काचेचं झाकण. ते उचललं तर भसकन धूर. मी पदर नाकाला लावला, म्हटलं, "पोरा, करपलं की रं तुझं!" तर तो वाढपी गोड हसून म्हणाला, "आजी, धूर हा त्या डिशचाच भाग आहे." गणपा, जन्मभर मी चुलीचा धूर डोळ्यांत घेतला, तो जेवणाचा भाग आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. नाहीतर तोही वाढला असता तुम्हाला.

नळी रिकामी झाल्यावर मी सवयीनं पुढं केली. आपल्याकडं वाटी पुढं झाली की वाढणारा न विचारता रस्सा ओततो. इथं वाढपी एकदा नळीकडं बघतोय, एकदा माझ्याकडं, जसं काही मी त्याची शेतीच नावावर मागितली. शेवटी ज्यानं हे सगळं रांधलं तो स्वतः बाहेर आला. पांढरा अंगरखा, दंडावर गोंदलेला मासा, वय आमच्या ऋतुराजएवढं. हात बांधून म्हणाला, "आजी, तुम्ही कोल्हापूरच्या. खरं सांगा, कसं झालंय?" मी म्हटलं, "लई चांगलं हाय बाबा. लई म्हंजे लईच चांगलं." तो वाकून पाया पडला. ऋतुराजचं तोंड मात्र मी त्याच्या ताटात झुरळ दाखवल्यासारखं झालं. जो शब्द ऐकायला आमच्या घरात माणसं थकली, तो मी फेसावर उधळून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरचा स्वैपाक. तो कसा करतो ऐक. मीठ काट्यावर तोलतो, सोनारासारखं. सुऱ्या भिंतीला चिकटवून ठेवल्यात. एक कांद्याला, एक मटणाला, एक नुसती बघायला. अंगाला पुढून फडकं बांधतो. कुकर नाही, मसाला पाट्यावर. (पाटा मी इथं माळ्यावर टाकला, तो यानं पुण्यात नेऊन चौथ्या मजल्यावर चढवला.) त्याचे मित्र म्हणतात, ऋतुराजला कुकिंगची पॅशन आहे. अरे, मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून चुलीपुढं बसले, मला कुणी पॅशन आहे म्हटलं नाही. 'भाकरी झाली का' एवढंच म्हटलं. बाईनं रोज रांधलं तर त्याला कुणी नाव देत नाही, आणि बाप्यानं शनिवारी कांदा चिरला तर त्याचा फोटो निघतो.

शनिवारी तो म्हणाला, "आज्जी, आज संध्याकाळी आठ-दहाजण जेवायला येणार आहेत." म्हटलं, "कोण?" म्हणाला, "मीपण ओळखत नाही." आता तूच सांग. बिनलग्नाच्या पोराच्या घरी, नेमकी आजी आलेली असताना, ओळखीपाळखीची नसलेली माणसं नटूनथटून जेवायला येणार, तर ती कोण असणार? मी म्हटलं, लबाड, मुलीकडची बोलावलीत आणि लाजतोय. मी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसले, पदर डोक्यावरून घेतला आणि कोचावर मधोमध बसले. माणसं आली. कुणी फुलं आणली, कुणी मिठाईचा पुडा. जेवायला बसल्यावर ऋतुराजला विचारतात काय, तर हे कुणाकडं शिकलास, किती वर्षं करतोस, पुढंही हेच करणार का. मुलीकडचे हेच विचारतात की! मग आपल्याकडून मीपण विचारून घेतलं. माझ्या शेजारी एक गोड पोरगी बसलेली, सुष्मिता नावाची, निपाणीकडची. म्हटलं, "म्हशीची भीती वाटती का ग?" म्हणाली, "नाही हो, आमच्या अज्जीकडं होत्या की." मला पोरगी पसंत. तिच्या पलीकडं तिचा भाऊ होता, मृत्युंजय. त्याला म्हटलं, "पावणं, आमची देण्याघेण्याची काही अट न्हाई. फकस्त लग्न कोल्हापुरात लावायचं."

तो घास तसाच धरून म्हणाला, "कुणाचं लग्न, आज्जी?"

म्हटलं, "तुमच्या भणीचं की."

"ही माझी बहीण नाही, बायको आहे."

म्हटलं, "मग आमच्या पोराला बघायला कशाला घेऊन आलाय तिला?"

आधी सुष्मिताच अशी हसली की तिला ठसका लागला, आणि पाठोपाठ सगळेच. ऋतुराज स्वैपाकघरात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही. नंतर कळलं, ही माणसं पैसे भरून जेवायला आली होती. अनोळखी माणसाच्या घरी जाऊन, अनोळखी माणसांबरोबर, पैसे मोजून जेवायचं, अशी तिकडं नवी हौस निघालीय. दारात आलेल्या पावण्याकडून जेवणाचे पैसे! जाताना मी निदान बायाबापड्यांना कुंकू लावलं आणि प्रत्येकीच्या हातात एक नारळ दिला. ते नारळ ऋतुराजनं दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला आणले होते, हे मला मागाहून समजलं.

सगळे गेल्यावर तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. फडकं अजून बांधलेलंच. म्हणाला, "आज्जी, आता सांग." मग मी सांगितलं. खोबरं एक रंग जास्त भाजलंस. नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला उकळी येऊ दिलीस, जरा फुटला. मिरं चिमटीनं घातलंस, ते मुठीनं घालायचं असतं. मटण घेताना कापणाऱ्याच्या पुढं उभा राहिला नाहीस, त्यानं हाडाची नळी तिरकी तोडली. तांबड्याचा कट चांगला सुटला आणि तू तो ढवळून मोडलास. भाकरीला पापुद्रा आला पण काठ जाड. ताटात मीठ वाढायचं विसरलास. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सुक्कं आधी संपलं. पावण्यांसमोर भांडं खरवडायची वेळ येऊ नये. त्यानं ऐकता ऐकता फडकं सोडलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे चांगलं नाही झालं." मी म्हटलं, "मी दमलो, मला झोपायचंय." (ते 'दमलो' तसंच राहू दे, सूनबाई. दमल्यावर मला सांगलीचं बोलता येत नाही.)

परत आले तेव्हा हंबीरराव स्टँडवर न्यायला आलेला. पिशवी हातात घ्यायच्या आधी विचारतो, "काय म्हणती खानावळ?" मी एकेक चूक सांगत गेले तशी त्याची कळी खुलत गेली. मिरं म्हटल्यावर त्यानं रिक्षा केली, मटणाची नळी सांगितल्यावर उसाचा रस पाजला. म्हणाला, "झालं तर मग! रविवारी फोन करून सांगतो त्येला, आज्जीचा निकाल लागला."

तर ही अशी पुण्याची हकिकत. आमच्या पोराला रस्सा जमत नाही, पुण्याला काळोखात जेवायला आवडतं, आणि माझं इरकली लुगडं एकदा विनाकारण नेसून झालं. चिमणाबाईला खोकल्यावर ज्येष्ठमध दे आणि स्वतः खाऊ नकोस. लहानांना आशीर्वाद, मोठी आता मीच उरलेय.

तुझी आक्का,
शालूबाई
(डाव्या हाताचा अंगठा, सूनबाईच्या साक्षीनं)

ता. क. एक बारीकसं काम राहिलंच. रविवारच्या आत इकडं ये. हंबीरराव मामाच्या शब्दाबाहेर जात नाही. त्याला एवढंच सांग की, आक्का मला म्हणाली, पोराच्या हातचं चांगलं होतं. तुला खोटं बोलायला सांगत नाही. त्या अंधारातल्या पोराला मी चांगलं म्हटलं, कारण तो माझा कोण? परत काही त्याच्या हातचं खायचं नव्हतं. चांगलं म्हटलं, हात धुतले, सुटले. चुका काढायच्या तर आधी ताट निपटून खावं लागतं, आणि उद्याही त्याच ताटावर बसायचं असावं लागतं. ऋतुराजच्या रश्श्याला मी वाटी किती वेळा पुढं केली ते त्याला विचार. मला मोजता येत नाही. पण तो शब्द घरच्या माणसाला माझ्या तोंडून निघत नाही. काल गोठ्यात जाऊन एकटीनं म्हणून बघितला, तर म्हैस चघळायची थांबली. (सूनबाई, तू का थांबलीस? लिही की. तुझ्याबद्दल काही बोलले का मी?)

ता. क. दुसरा. वरचं काम रद्द. संयोगिता पेन टाकून उठली आणि तरातरा सोप्यात गेली. दार उघडं होतं, मी ऐकत नव्हते, ऐकू आलं. नवऱ्याला म्हणते, "आत्याबाईंनी ऋतूच्या रश्श्यात चुका किती काढल्या?" तो म्हणाला, "लई." "माझ्या आमटीत रोज किती काढतात?" म्हणाला, "तीन-चार तरी." "आणि रात्री पातेल्यात आमटी उरलेली बघितलीय कधी?" हंबीरराव उठला. गोठ्यात गेला, वैरण टाकलेली असताना पुन्हा टाकली, आणि येऊन म्हणाला, "खानावळीला दही आपल्याच गोठ्यातलं जाईल म्हणावं. पुण्याचं पाणीदार चालायचं न्हाई." मग स्वतःच ऋतुराजला फोन लावला, एवढ्या मोठ्यानं की तुला गारगोटीत ऐकू आला असेल. संयोगिता परत लिहायला बसलीय, पेन असं दाबून चालवतेय की कागद फाटेल.

आता तुझ्याकडून एवढंच हवंय. खानावळ निघेल त्या दिवशी तू आणि चिमणाबाई पुण्याला या. पोटभर खा, वाटी पुढं करायला लाजू नका. पण उठताना पोराला चांगलं झालंय असं म्हणू नकोस, गणपा. मनाला लावून घेईल.