सोडा म्हणायचं राहिलं

सर,

तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखालचे शेवटचे विद्यार्थीसुद्धा आता केस काळे करायला लागलेत. मीही करते, हसू नका. आज शनिवार. कॉलेज दुपारीच सुटलं. ताथवड्याच्या या इमारतीत वॉचमन आणि मी एवढेच उरलोय, आणि माझ्यापुढे एक कोरा कागद आहे. एक्स-रे टेक्निशियनच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीला प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणावरून काढायचं की ठेवायचं, ते मला त्यावर लिहायचंय. सोमवारी प्राचार्यांच्या टेबलावर तो हवा. काढलं तर तिचं वर्ष गेलं, आणि घरचे तिला दुसरं वर्ष देतील असं काही मला वाटत नाही. सकाळपासून तीनदा पेन उघडून बंद केलं. शेवटी म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं. तुमच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही, असं मी आजवर समजत आलेय.

चिंचवडच्या त्या दवाखान्याच्या तळघरातली आपली खोली आठवते. मी पिंपरीच्या कामगार वसाहतीतली, वडील कंपनीत फिटर, दवाखान्याची पायरी फक्त पेशंट म्हणून चढलेलं आमचं घर. पुस्तक पाठ करून आले होते. पहिल्याच पेशंटला म्हटलं, ‘कृपया दीर्घ श्वास घेऊन रोखून धरा.’ तो बिचारा मागे वळून तुमच्याकडेच बघायला लागला. तुम्ही पोट धरून हसलात. ‘ए पोरी, भाषण करायला आलीस व्हय? दम धरा म्हण. फोटू निघाला की सोडा म्हण. ह्या दोन शब्दांवर आपलं पोट हाय.’ मोशीच्या तुमच्या भावांनी जमिनी विकून बंगले बांधले, दारात गाड्या उभ्या केल्या, आणि तुम्ही आपले जुन्या स्कूटरला डबा लटकवून रोज खाली तळघरात. कुणी टोमणा मारला तर म्हणायचात, ‘जमीन काय, कुणीबी इकंल. नीट दम धरायला लावून दाखव की.’

आणि मग तो आळंदीचा म्हातारा. छातीचा एक्स-रे. तुम्ही शिकवलं होतं तसं त्याला स्टँडपुढे उभं केलं, तोंड भिंतीकडे, पाठ माझ्याकडे, हनुवटी वर, हात कमरेवर. म्हटलं, दम धरा. बटण दाबलं. फिल्मची पेटी काढली आणि अगदी तोऱ्यात डार्करूममध्ये निघून गेले. बाबा तसाच! तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा तो लालबुंद होऊन खोकत होता आणि तरी हनुवटी खाली घेत नव्हता. त्याच्यापुढे तुम्ही मला चकार शब्द बोलला नाहीत. त्याची पाठ चोळलीत, तुमचा चहा त्याला दिलात, जिन्यापर्यंत सोडून आलात. मग मला त्याच स्टँडपुढे उभं केलंत. ‘दम धर.’ आणि निघून गेलात. मी तशीच उभी राहिले. परत आलात तेव्हा विचारलंत, ‘कवा सोडलास?’ मी म्हटलं, तुम्ही दाराबाहेर गेल्यावर लगेच. ‘मग त्या म्हाताऱ्यानं का न्हाई सोडला?’ मग तुम्हीच सांगितलंत, ‘त्यो आपल्या शब्दावर थांबला हुता गं. पुन्यांदा कुणाला असं टांगून ठिवलंस तर ह्या खोलीत पाय ठिवायचा न्हाई.’ मी डार्करूमच्या लाल दिव्याखाली तोंड लपवून रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही हिंगाची रिकामी डबी माझ्या हातात ठेवलीत. आत शिशाची दोन अक्षरं, एक डाव्या बाजूचं, एक उजव्या बाजूचं, फिल्मवर खूण करायला. तुमची स्वतःची, कडा झिजलेली. आता यंत्रच ती अक्षरं छापतं, पण डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि उघडली की अजून हिंगाचा वास येतो.

हा म्हाताऱ्याचा किस्सा मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगते. शेवटी बोट वर करून म्हणते, मी आयुष्यात एकदाच विसरले, तुम्ही एकदाही विसरायचं नाही. पोरं वहीत लिहून घेतात. त्यांना मी फार खमकी वाटते.

आता या मुलीचं सांगते. बारीक चणीची, लातूरकडची, वडील चाकणला टेम्पो चालवतात. परवा एका कंपनीच्या गेटवर आमची एक्स-रेची व्हॅन उभी होती. कामगारांची वार्षिक तपासणी, पन्नासेक माणसं रांगेत. हिच्यापुढे एक मध्यम वयाचा माणूस आला, कुठून तरी उत्तरेकडून आलेला, हसतमुख. हिने म्हटलं, ‘साँस रोको.’ बटण दाबलं. आता पूर्वीसारखं फिल्म धुवायला जावं लागत नाही सर, पेशंट उभा असतानाच चित्र समोर पडद्यावर येतं. उजव्या फुफ्फुसात हे एवढं मोठं सावट. ते बघून हिने ‘छोडो’ म्हटलंच नाही. तो माणूस थांबला, थांबला, मग खोकत खाली बसला. वळून बघतो तर हिच्या डोळ्यांतून धारा. ‘मेरे को क्या हुआ है, बेटी?’ एवढंच तो विचारत राहिला. निदान डॉक्टरांनी सांगायचं, आपण नाही, हा आपला पहिला नियम. पण हिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं. बाहेर रांगेत कुजबुज, निम्मी माणसं एक्स-रे नको म्हणून निघून गेली, आणि कंपनीच्या साहेबांचा प्राचार्यांना फोन. त्या माणसाला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, उपचार सुरू झालेत, एवढं एक बरं झालं.

काल तिला बोलावलं. माझी जीभ तुम्हाला माहीत आहे. चांगली खरडपट्टी काढली. मग तुमची विद्या काढली बाहेर. प्रयोगशाळेतल्या स्टँडपुढे उभी केली तिला. म्हटलं, दम धर. आणि खिडकीशी जाऊन हायवेवरच्या गाड्या बघत राहिले. तिचा आवाज नाही, हालचाल नाही. मलाच राहवेना. ‘सोड गं बाई, सोड.’ ती वळली. मी विचारलं, कशी विसरलीस? तर म्हणते, ‘मॅडम, मी विसरले नव्हते. सोडा म्हणलं अस्तं तर काका माझ्याकडं वळले अस्ते. मला त्यांच्याकडं बघायचं नव्हतं. लई भ्या वाटलं मला.’

सर, मी तिला जा म्हटलं, आणि खुर्चीत बसून राहिले.

कारण तुम्हाला माहीत आहे. तुमचा खोकला महिनाभर हटत नव्हता, आणि तुम्ही म्हणालात, ‘चल, माझाबी एक काढ, तुझी परीक्षा घिऊ.’ मी तेव्हा तुमच्या हाताखाली पक्की झाले होते. दम धरा म्हटलं, सोडा म्हटलं, तुम्ही खूश होऊन शर्ट चढवायला लागलात. डार्करूममध्ये फिल्म धुतली, ओली तशीच लाल दिव्यापुढे धरली, तर तुमच्याही फुफ्फुसात सावट. केमिकलचा डाग असेल, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. बाहेर येऊन म्हणाले, ‘सर, मान हलली तुमची, परत काढावा लागेल.’ तुम्ही! तीस वर्षं लोकांच्या माना सरळ करणारे तुम्ही! पण एका शब्दाने हरकत घेतली नाहीत. पुन्हा शर्ट काढलात, पुन्हा स्टँडपुढे उभे राहिलात. मी म्हटलं, दम धरा. बटण दाबलं. आणि पुढचा शब्द काही निघेना. तुमची पाठ माझ्यासमोर होती, बरगड्या फुगलेल्या, मानेवर घाम. तुम्ही सोडत नव्हतात. खोकला दाबून धरला होता तरी सोडत नव्हतात. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तुम्ही हळू म्हणालात, ‘पोरी, सोडा म्हण की.’

मी म्हटलं. तुम्ही वळलात, माझ्या तोंडाकडे एकदाच बघितलंत. वाटलं, आता विचाराल. तुम्ही बटणं लावत म्हणालात, ‘अक्षर नीट लावलंस न्हवं? डावं डावीकडं?’ मी म्हटलं, हो सर. ‘मग झालं.’ आणि डबा उचलून जिना चढून गेलात. पुढे तुमच्या आजारपणात मोशीला तुमच्या घरी चार वेळा आले, काकूंच्या हातचा चहा प्यायले, तुम्ही दर वेळी कामाचं विचारलंत, आणि त्या दिवसाबद्दल ना तुम्ही काही बोललात ना मी. मला तुमची फार आठवण येते, सर. तुमच्याइतकं कुणी मला रागावलं नाही आणि तुमच्याइतकं सांभाळूनही घेतलं नाही.

कागद लिहून झालाय. मुलीला ठेवा, पुढचे दोन महिने व्हॅनमध्ये तिच्या शेजारी मी स्वतः उभी राहीन, जबाबदारी माझी, असं लिहिलंय. प्राचार्य कुरकुर करतील, करू देत. सोडा म्हटल्यावर समोरचा माणूस वळतो, तेव्हा त्याच्याकडे बघायचं कसं, हे मी आजवर कुणाला शिकवलंच नाही. मला तरी कुठे येत होतं? तुम्ही बटणं लावत करून दाखवलंत, तेवढंच.

सोमवारी वर्गातही सांगणार आहे, की एकदा विसरले आणि एकदा मुद्दाम बोलले नाही. तुमचं नाव घेणार नाही. हे पत्र घडी करून डबीत कोंबून बघितलं, बसत नाही. ड्रॉवरमध्येच राहू दे. पहिली फिल्म चांगली आली होती, सर. मान हलली नव्हती.