एक साल बाकी

३ नोव्हेंबर १९९७, सोमवार

लावला शेवटी कागद! ऑफिसच्या फाटकावर, तोही इंग्रजीत, तोही तिरका. शहर दिवाबत्ती मंडळाच्या जुन्या नोकरांचं मोफत दवाखाना कार्ड १ नोव्हेंबरपासून बंद. त्याऐवजी खासगी कंपनीचा विमा घ्या म्हणे. आणि विम्याच्या कागदात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत — आधीपासूनचं दुखणं चालणार नाही! सत्तरीच्या माणसाला आधीपासूनचं दुखणं नसेल तर काय उद्याचं असेल?

जुने नोकर म्हणजे आम्ही, पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात लागलेले. १७ सप्टेंबर १९४८ च्या आधी. राज्य बदललं तेव्हा मंडळानं लिहून दिलं होतं, तुमचं कार्ड मरेपर्यंत. आम्ही मेलो नाही हीच आता अडचण झालेली दिसते.

प्रतापराव फाटकाशीच ओरडत होते. आमच्या संघाचे अध्यक्ष, रिटायर फोरमन, घसा अजून फोरमनचाच. "आज कार्ड, उद्या पेन्शन! मुन्शीजी, तुम्ही लिहा, मी बोलतो." चाळीस वर्षं कारकुनी केली, अजून लिहायचं मलाच.

५ नोव्हेंबर, बुधवार

अफझलगंजात मीटिंग. एकशे दहा जण आले. त्यातले वीस काठी टेकत.

उमाजी आला नाही. उमाजी म्हणजे आमचा लाइनमन, अंबरपेठेचा. एके काळी खांबावर माकडासारखा चढायचा. आता बसल्या जागी दम लागतो. हृदयाची झडप गेली आहे, ह्या महिन्याभरात बदला म्हणालेत डॉक्टर. कार्ड असेल तर होईल. नसेल तर नाही, इतकं सरळ आहे ते.

त्याचा निरोप मात्र आला — "मुन्शीजीला सांगा, मपलं एक साल बाकी हाय, तेवढ्यात मी मरत न्हाई." सगळे हसले. उमाजीचं नावच पडलंय 'एक साल'. ८६ साली रिटायर केलं तेव्हा हटून बसला होता, माझी उमर एक साल कमी आहे, आईनं सांगितलंय. मीच हेडक्लार्क. रजिस्टर उघडून दाखवलं त्याला. म्हटलं, उमाजी, कागद खोटं बोलत नाही. तरी पुढचं अख्खं वर्ष खाकी घालून डेपोच्या फाटकाबाहेर येऊन बसायचा. मिस्त्री लोक चहा पाजून टिंगल करायचे.

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांशी बोलणं झालं. पाऊण तास उभं ठेवलं, मग खुर्च्या. म्हणाले, कॉम्प्युटरची यादी आम्हालाच भरवशाची वाटत नाही. जे खरोखर ॲक्शनच्या आधीचे आहेत त्यांनी सिद्ध करावं, त्यांचं कार्ड राहील.

मी ताडकन उठलो. "मूळ सर्व्हिस किताबं काढा! उर्दूतली! त्यात सगळं आहे!" प्रतापरावांनी टेबलावर हात आपटला. साहेब लगेच बरं म्हणाले. २७ तारखेला सुनावणी.

घरी येऊन हिला सगळं करून दाखवलं, टेबल आपटण्यासकट. शैला म्हणाली, "टेबल प्रतापरावांनी आपटलं ना? मग तुम्ही कशाला आमचं आपटताय?"

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटरवाली पुण्याची निघाली! नीलिमा नाव. तिशीची असेल. माझं मराठी ऐकून हसू दाबत होती. मी 'परसों' म्हटलं की मागचा कोणताही दिवस असू शकतो, हे तिला समजावावं लागलं.

तिनं पडद्यावर दाखवलं — "काका, हे १३५८ काय आहे? पगार?"

म्हटलं, साल आहे, बाई. फसली. निजामाच्या कचेरीचं साल. उर्दू वाचणारे ह्या गावात गल्लोगल्ली आहेत, पण फसलीचा हिशेब कळणारा आता मीच उरलो. जरा ताठच बसलो हे सांगताना, खोटं कशाला लिहू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेकॉर्ड रूम. धूळ, झुरळं, आणि माझं एकविसाव्या वर्षीचं अक्षर.

५१ साली मंडळानं सगळी किताबं इंग्रजी तारखांत आणायला सांगितली. अकराशे किताबं, तीन महिने मुदत. मी एकटा. प्रत्येक उर्दू तारखेच्या बाजूला लाल शाईत इंग्रजी तारीख माझीच. खाली माझी सही, वर साहेबांची. साहेबांनी एकही पान वाचलं नव्हतं.

उमाजीचं किताब पहिलं काढलं. उतरवून घेतलं ते असं —

उमाजी वल्द गणूजी, लाइन कुली. पैदाइश २ इस्फंदार १३३८. भरती ११ खुर्दाद १३५८.

बाजूला लाल शाईत भरती — एप्रिल १९४८.

मी हसत होतो, बघा, ॲक्शनच्या पाच महिने आधी. आणि मग हातच थांबला.

खुर्दाद म्हणजे एप्रिल, बरोबर. पण फसली साल सुरू होतं आजूरला, म्हणजे ऑक्टोबरात. आजूर, दय, बहमन, ह्या तीन महिन्यांत पाचशे नव्वद मिळवायचे. इस्फंदार लागला की जानेवारी येतो, इंग्रजी साल बदलतं. तिथून पुढं पाचशे एक्क्याण्णव. शाळकरी पोराला कळेल असा हिशेब!

१३५८ अधिक ५९१. एकोणीसशे एकोणपन्नास. उमाजी ॲक्शननंतर लागला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सगळी पाहिली. लाल शाईत ॲक्शनच्या आधीचे, हिशेबानं नंतरचे — एकतीस जण. सगळीकडे पाचशे नव्वद. सगळीकडे माझी सही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आता कळलं कसं झालं ते. मी स्वतः आजूर १३५७ ला लागलो, ऑक्टोबर ४७. माझ्या भरतीवरून फरक काढला — पाचशे नव्वद — आणि तोच अकराशे जणांना लावत सुटलो. स्वतःची तारीख बरोबर आली म्हणून पुन्हा तपासलं नाही. गाढव! अकलेचा कांदा!

आणि 'मूळ किताबं काढा' म्हणून बोंब ठोकणाराही मीच. माझं कार्ड शाबूत. एकतीस जणांचं जाणार, माझ्याच तोंडून.

जेवलो नाही. रेणूला, सुनेला वाटलं भाजी बिघडली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हिला सांगितलं. सांगितल्यावाचून राहवेना. ऐकून घेतलं, गवार मोडत होती ती मोडत राहिली. मग म्हणाली, "अहो, खुर्दाद तेराशे अठ्ठावन्न, एवढंच वाचा की. ते काही खोटं नाही."

म्हटलं, ती कॉम्प्युटरवाली विचारणारच, इंग्रजी साल कोणतं.

"मग तेव्हा बघा. उमाजीभावजींच्या बायकोकडे बघून काय ते सांगा."

आयुष्यात कागदाला धरून राहिलो, शैला, म्हटलं. ती म्हणाली, "कागद तुम्हीच लिहिला होता ना?"

चिडून बाहेर गेलो. काचीगुडा स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि काही न घेता परत आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अंबरपेठेला गेलो. सांगायचंच असं ठरवून. उमाजी उशांना टेकून बसलेला, पाय सुजून हे एवढे. बायको पंख्यानं वारा घालत होती, वीज गेलेली. दिवाबत्तीचा माणूस आणि घरात अंधार!

मी म्हटलं, उमाजी, तुझं किताब बघितलं मी. त्यात —

"मपलं एक साल घावलं का?" असं म्हणून हसायला लागला. हसता हसता दम लागला, ओठ निळे पडले. बायको ओरडली माझ्यावर. "नक्को हसवू भाऊजी त्यांना!"

ह्याचं आपलं एकच टुमणं! जिवावर बेतलंय आणि एक साल, एक साल. वैतागलो. पण सांगितलं काहीच नाही. उठताना त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "तुमी हाव म्हून भ्या न्हाई. तुमचा कागद पक्का असतो, मुन्शीजी."

२६ नोव्हेंबर, बुधवार

उद्या. छातीत धडधडतंय. माझीच झडप जायची आता.

प्रतापराव येऊन गेले. आनंदात आहेत. हार आणायला सांगितलाय म्हणे, माझ्यासाठी! नको म्हटलं तर म्हणतात, लाजू नका.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

साहेब, नीलिमा, एक उर्दू कारकून. आम्ही दीडशे जण, निम्मे व्हरांड्यात. उमाजीची बायको पुढच्या रांगेत, पदराला गाठ मारून बसलेली. पहिलं किताब उमाजीचंच निघालं. कारकुनानं खडखडीत वाचलं — ग्यारह खुर्दाद, तेरह सौ अठ्ठावन. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

नीलिमा म्हणाली, "काका, मी फॉर्म्युलाच टाकते, म्हणजे एकदम सगळ्यांचं होईल. किती मिळवायचे?"

पाणी प्यायलो. साहेब घड्याळ बघत होते.

म्हटलं, पाचशे नव्वद.

"सगळ्या महिन्यांना?"

सगळ्या महिन्यांना.

तिनं टाकलं. पडद्यावर एप्रिल १९४८. लाल शाईशी जुळलं. साहेबांनी मान हलवली. पुढचं, पुढचं — एकतीसच्या एकतीस पार. बाहेर आरोळी झाली. प्रतापरावांनी हार घातला. झेंडूचा, ओला. शर्टवर डाग पडले.

उमाजीच्या बायकोनं माझ्या पायाला हात लावला. मागं सरलो, तरी लावलाच.

जन्मात पहिल्यांदा सरकारी कागदाच्या समोर जाणूनबुजून खोटं बोललो. वाईट वाटतंय का? वाटतंय. परत बोलेन का? बोलेन! उमाजी जगेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्डावर शिक्का मिळाला. ऑपरेशन मंगळवारी.

२ डिसेंबर, मंगळवार

चार तास लागले. झडप बसली. डॉक्टर म्हणाले, म्हातारा चिवट आहे. हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी आणि त्याची बायको दोघंही रडलो. केतकीला, नातीला ही वही सापडली तरी मराठी वाचता यायचं नाही, म्हणून लिहितोय — हुंदके देऊन रडलो.

५ डिसेंबर, शुक्रवार

उमाजी आज बोलला. नळ्या लावलेल्या, आवाज पार खोल गेलेला, तरी पहिलं काय म्हणाला? "मुन्शीजी, मपल्या किताबात पैदाइश बी बघितली असंल की. येकदा वाचून सांगा."

हो म्हटलं, बरा हो आधी. हसून उठलो.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी हीच वही मागे उलटली. १८ तारीख. पैदाइश २ इस्फंदार १३३८.

इस्फंदार. जानेवारी. तिथंही मी पाचशे नव्वदच मिळवले होते. एकोणीसशे अठ्ठावीस लिहिलं, एकोणतीस पाहिजे होतं. एकट्याचंच नाही, आजूर-दय-बहमन सोडून जन्मलेल्या सगळ्यांना मी वर्षभर आधी घरी बसवलं.

त्याला सांगता येत नाही. जन्माचं साल दुरुस्त केलं की भरतीचंही होतं, आणि कार्ड जातं — एकतीस जणांचं.

खाकी घालून रोज फाटकाशी बसायचा. खरं बोलत होता उमाजी. एक साल बाकी होतं.