खाली कोणी जायचं?

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे आणि तुझ्या नवऱ्याचा खोकला कसा आहे ते कळव. (नाही कळवलंस तरी मामी सांगतेच.) आईचं शिलाई मशीन माझ्याकडे राहिलं म्हणून आपलं बोलणं बंद झालं, ते बंदच आहे, हे पत्र त्यात धरू नकोस. ‘आधी थोरलीने फोन करावा’ असं तू मामीला म्हणालीस, ‘माझं काही अडलेलं नाही’ असं मी म्हणाले, तेही कायम आहे. शाळेतली हकीकत तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी लिहिते.

पालकसभेला काहीतरी जिवंत दाखवा, असं मुख्याध्यापिकाबाईंच्या डोक्यात आलं, आणि भूगोल माझा, म्हणून ज्वालामुखी माझ्या गळ्यात पडला. मी शिक्षकांच्याच दोन रांगा केल्या. समोरासमोरून येणाऱ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एक लांबलचक पडदा, तो समुद्राचा तळ. मधे बाकांच्या आडोशाला लाल सदऱ्यात व्यायामाचे सर, ते खोलातला तापलेला खडक. (घोरायचं नाही, एवढीच त्यांना सूचना होती.) असे दोन तळ भिडले की जो जुना, थंड आणि म्हणून जड, तो दुसऱ्याच्या खाली जातो. जाताना पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की खडक लवकर वितळतो, हलका होतो आणि वर फुटून येतो. यात अवघड काय आहे? पण ‘जुना, थंड आणि जड’ हे मी फळ्यावर लिहिलं मात्र, त्या रांगेत उभं राहायला माणूस मिळेना. निवृत्तीला टेकलेले गणिताचे सरसुद्धा स्वतःला नवा तळ म्हणवू लागले. शेवटी हातात पाण्याची बादली देऊन सगळ्यांनी मलाच पुढे केलं.

सभेच्या दिवशी समोरच्या रांगेच्या तोंडाशी चित्रकलेच्या बाई होत्या, माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, आणि गालातल्या गालात हसत होत्या. माझी मान काही लवेना. मी ताठ, त्या ताठ, मधे पडद्यांच्या चुण्या वर वर चढत चाललेल्या. (याला डोंगर म्हणतात. दोन खंड भिडले आणि दोघांपैकी कोणीच नीट खाली गेलं नाही की हेच होतं, आणि ज्वालामुखी सहसा होत नाही.) पालक जांभया देऊ लागले. तिथे उभ्या उभ्या मला तुझी आठवण आली. आधी राग आला, मग फार वाईट वाटलं.

मग मी वाकले आणि पडद्याखाली शिरले. आत काळोख, बादली कलंडली ती थेट सरांच्या डोक्यावर. (घोरतच होते.) ते असे उसळले की पडदा टराटरा फाटला. टाळ्या चांगल्या पडल्या. मी मात्र बाहेर आले ती कंबर धरून. बाकी सर्व ठीक.

तुझी,
थोरली

ता. क. : डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली आहे. शेजाऱ्यांकडून आईचं मशीन उचलवून दाराशी ठेवलंय. येऊन घेऊन जा. नवऱ्याला आण, तुला एकटीला ते उचलवणार नाही.

आणखी ता. क. : नवऱ्याला नाही आणलंस तरी चालेल. मग उचलायला कोणी मिळेपर्यंत तुला इथे राहावं लागेल, आणि मी कोणाला शोधणार नाही.