दहापैकी दहा

अहो,

मी ड्यूटीवर निघाले. भेंडी डब्यात आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या.

काल सृष्टीशी पैज लावलीत, की डोळे मिटूनही तुमची हार्ड डिस्क कुठली आणि तिच्या मोबाइलवरचं स्ट्रीमिंग कुठलं ते ओळखाल. गाणी बदलायला मी होते आणि दहाही वेळा मी "बरोबर" म्हटलं. खरं सांगू? सहा वेळा तुम्ही चुकलात. शेवटी तर मी मोबाइलची क्वालिटी अगदी तळाला नेली. झांजा पत्र्यासारख्या वाजत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "ही माझी डिस्क! आवाज बघा कसा भरलेला." सृष्टीने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ओके बाबा, यू विन."

इथे आखातात येऊन हमरियाच्या कारखान्यात, कंप्रेसर रूमच्या गोंगाटात वीस वर्षं काढलीत. हल्ली कुकरची शिट्टीही तुम्हाला ऐकू येत नाही. शनिवारी अकराला कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली आहे, खलास, विषय संपला. "बघू" म्हणू नका.

डिस्क कुठेही जात नाही. २००९ला नोकऱ्या जात होत्या, तेव्हा आम्हा दोघींना ठाण्याला पाठवलंत आणि इथे एकट्याने बसून घरातल्या सगळ्या सीडी तिच्यावर भरल्यात, हे मी विसरलेले नाही.

चिठ्ठी लिहितेय, कारण हे सगळं मी काल बोलले होते, तुमच्या खुर्चीमागे उभी राहून. तुम्ही मांडीवर ताल धरून बसला होतात.

अनुपमा