कधी न उडालेलं कारंजं

मंगळ., ४ नोव्हें.
टोस्ट थंड करण्यासाठी या देशाने चांदीचा पिंजरा घडवलाय, आणि आज सकाळी मी त्याच्यासमोर अन्यायाविरुद्ध एकटी बसले होते. लोणी वितळलं नाही ते नाहीच. निषेध करावा तर साक्षीला दुसरं गिऱ्हाईक नाही. अख्ख्या हॉटेलात मीच एक पाहुणी.

कौन्सिलला माझा रिपोर्ट हवाय: या इमारतीत जपण्यासारखं काही आहे का? आहे म्हटलं तर वारसा वास्तू म्हणून लिस्ट होईल, वाचेल. नाही म्हटलं तर पाडून फ्लॅट्स. पॉलीन, इथली केअरटेकर, मागच्या खोलीत राहते. फ्लॅट्स झाले तर तिला स्लाऊला जावं लागेल, बहिणीच्या सहा मांजरांत. हे तिने टोस्टबरोबर वाढलं, सहज म्हणून.

इमारत: जाड पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं, वर घंटांसाठी तीन झरोके, घंटा एकही नाही. स्पॅनिश पाद्री कॅलिफोर्नियात बांधायचे तसं. फक्त समोर इंग्लिश खाडी आणि धुकं. पहिल्या मालकाची बायको स्पॅनिश होती म्हणे, तिला घरची आठवण येऊ नये म्हणून एवढा थाट.

खोलीतून निघताना सवयीने ‘येते’ म्हटलं. दार लागता लागता आतून, ‘ये.’

जुने पाइप.

बुध., ५
चौकात मोजमापं. मधोमध ‘फाउंटन’. पॉ.: “नेव्हर वर्क्ड, लव्ह.” कसं चालणार? नळच नाही. पाणी जायला वाटही नाही.

शिवाय या धाटणीचं कारंजं पसरट, बुटकं असतं. हे चौकोनी, कमरेएवढं. डोक्यावर मातीचा खळगा. पूर्वेच्या अंगाला छोटी देवळी, देवळीत काजळी. वहीत लिहिलं, ‘कारंजं, बंद.’ खोडलं. साताऱ्याला आमच्या बिल्डिंगमागे अगदी असंच होतं, मी त्याच्याभोवती सायकल शिकले. तुळशीवृंदावन आहे हे. इथे?

दुसरं माप घेताना लक्षात आलं, मी बूट काढून ठेवलेत. कधी काढले?

समोरची हातभर फरशी ओली, बाकी चौक कोरडा. पॉ. म्हणते, मी तिथे कधीच पाणी मारत नाही.

गुरु., ६
जिन्याखाली त्या मालकिणीचा फोटो. डोक्यावरून काळी लेस, हातात पंखा. आणि डाव्या नाकपुडीला भोक. भिंग लावून तीनदा पाहिलं.

पॉ.ची आजी हिच्याकडे कामाला होती. बाई फारशी बोलायची नाही. एकदा खराखुरा स्पॅनिश पाहुणा आला, तर दोन दिवस हिचं डोकं दुखत होतं. “पण जाणाऱ्या प्रत्येकाला दारात येऊन म्हणायची, या, या. दॅट्स स्पॅनिश फॉर गुडबाय, इझन्ट इट?”

मी मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

म्हणजे नवऱ्याने बायकोला स्पॅनिश ठरवलं, आणि ती थाप टिकावी म्हणून भोवती हॉटेल बांधलं. लोक एवढ्यासाठी नुसतं आडनाव बदलतात. तिचं म्हणून एवढं एकच इथे उभं राहिलं, तेही कारंजं म्हणून.

ईराचा फोन, वॉटफर्डहून.
“आई, तो हॉटेल हाँटेड आहे का?”
“ते हॉटेल.”
“ओके, ते. कोण आहे तिथे?”
लेकीचं लिंग सुधारलं, उत्तर दिलं नाही.

पाहुण्यांना ‘या’. मला ‘ये’. एकेरी, घरच्या माणसाला म्हणतात तसं.

शुक्र., ७
पुरावा काय? एक भोक, थोडी काजळी. बॉस म्हणेल, तुला सगळीकडे सातारा दिसतो.

टॅक्सी आली. पॉ.: “बी ऑनेस्ट, वोन्ट यू, लव्ह?” ‘बी काइंड’ म्हणाली असती तर सोपं होतं.

खोलीच्या दारात आज तोंड घट्ट मिटलं. बॅग उचलली, दार ओढलं.

“येतेस ना?”

“येते,” म्हणून गेले. काय करणार.

बुध., २६
रिपोर्ट गेला. ‘कारंजं’ सगळीकडून काढलं, तिथे ‘तुळशीवृंदावन’. फोटो, मापं, काजळी, नाक, सगळं जोडलं. आवाजाबद्दल अवाक्षर नाही, पॉ.ने ऑनेस्ट म्हटलं होतं, वेडी नव्हे. कौन्सिलची एकच शंका: स्पेलिंग बरोबर आहे ना? निर्णय नव्या वर्षात. पॉ.ची खोकी अर्धी भरलेली.

आज दिवसापुरती जाऊन आले. ईराला सांगितलं, एक माप राहिलंय. पॉ.ने दार उघडलं. तिच्याच किचनमधला जग पाण्याने भरून घेतला.

चौकात कोणी नाही. हातभर फरशी ओली. बूट काढले, या वेळी आठवणीने. खळग्यात पाणी घातलं, आणि ऐकू जाईल न जाईल अशा बेताने म्हटलं, “आले.”