आधी फुंक मार

बाबा, आज धुळवड आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, अठराची झाली. दोन वाजता येते म्हणून स्कूटर घेऊन गेलीय. फोन उचलत नाही.

संप फिसकटला, गिरणीचं फाटक उघडलंच नाही, आणि तुम्ही एका शेठचा टेम्पो चालवायला लागलात. किल्ली देवाच्या फळीखाली खिळ्याला असायची. मला चालवायला शिकवलंत, पण किल्लीला हात लावला की तुमचं ठरलेलं, "खंय चल्लंस? आधी फुंक मार." मी तुमच्या नाकासमोर फुंकायचो, तुम्ही डोळे मिटून वास घ्यायचात, मगच किल्ली. शेजारी बघायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या धुळवडीला आम्ही चौघं व्यायामशाळेमागे बिअर प्यायलो. "काढ रे टेम्पो, चौपाटीला जाऊ," मित्र म्हणाले. मूठभर बडीशेप चावून मी जिना चढलो. दारात तुम्ही. मी तुमच्या नाकाकडे बघतो आणि तोंडच उघडत नाही. किल्ली न मागता मोरीत शिरलो आणि अंगावर पाणी ओतत राहिलो. बाकीचे तिघं एकाच स्कूटरवर गेले. परत दोघंच आले.

तुमच्या तेराव्याला मी आईला हे सांगितलं, तर ती रडता रडता हसली. "त्यांका खंयचो वास येतलो? दूध करपला तरी कळा नाय. गिरणीत कापूस जाऊन जाऊन नाक कधीच मेलला." त्या मेलेल्या नाकाला मी भ्यालो, म्हणून आज आहे.

माझं नाक शाबूत आहे, बाबा. सकाळी पोरगी रंग खेळून वर आली, किल्ली मागितली. मी म्हटलं, "आधी फुंक मार."

"काय पप्पा, तुम्ही पण ना," म्हणत तिनं फुंकलं. बडीशेपेचा वास आला. नुसत्या बडीशेपेचा. आमच्या घरात बडीशेप नसते. मला त्याच क्षणी कळलं. पण दारात तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर तिला खोटं पाडायचा मला धीर झाला नाही. मी किल्ली दिली.

बायको गॅलरीत उभी आहे. मघाशी तिनं विचारलं, "फुंक मारायला लावलीत ना?" मी हो म्हटलं. पुढचं तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही कुठे टाकता येणार नाही अशा पत्रात.