मामांच्या दुर्बिणीची कडी

तीर्थस्वरूप जोतीराममामांच्या चरणी, सानपाड्याहून भाचा नंदकिशोर याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातलेला, कारण कंबर धरली आहे).

तुमचा ऑपरेशन झालेला डोळा आता काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? आम्ही इकडे ठीक. तुमच्या सूनबाईची, मीनाची नोकरी चालू आहे, माझी चालू असल्यासारखी आहे, आणि आई तर इतकी खुशीत आहे की मला काळजी वाटते. गुडघे तसेच आहेत, सातव्या मजल्यावरून खाली उतरणं नाही, तरी गालातल्या गालात हसत बसते. फोन सोडून पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल. फोन वाजला की आई शेजारी येऊन बसते आणि मला खुणा करते, ‘कडी झाली नाही म्हणून सांग.’ तिच्यासमोर मनमोकळं बोलता येत नाही. म्हणून हे पत्र तुमचं आलं इथल्या मार्केटला आणणाऱ्या टेम्पोवाल्या स्वराजच्या हाती देतो आहे. तो उघडून वाचणार नाही अशी आशा आहे (वाचशील तर स्वराज, गुपचूप घडी घाल आणि पुढे हो).

तुम्ही चिडला आहात हे मला ठाऊक आहे, आणि का चिडू नये? पौषातली जत्रा तोंडावर आली. झाडाला टांगलेलं लिंबू छऱ्याच्या बंदुकीने उडवायचा मान इतकी वर्षं तुमचा. आता डोळा साथ देत नाही, म्हणून बंदुकीवर दुर्बीण बसवलीत. खंडेनवमीला ती काढून वेगळी पूजलीत, हळदकुंकू वाहिलंत, आणि परत बसवताना स्क्रू असा काही आवळलात की दुर्बीण धरून ठेवणारी पुढची कडी कडकन तुटली. त्या वाडीवरच्या धनाजीने ‘म्हाताऱ्याने आता मांडवात बसून पेढे खावेत’ असं चारचौघांत म्हटल्याचं स्वराजने सांगितलं, तेव्हा माझंही डोकं फिरलं. यंदा लिंबू चुकलं तर मान कायमचा गेला, हे मला समजतं मामा. म्हणूनच जे घडलं ते वाचून तुम्ही हादराल, तसा मी आधीच हादरून बसलो आहे.

दिवाळीत दुर्बीण आली ती भाऊबीजेच्या साडीत गुंडाळून. (कल्पना छान होती. काचेला ओरखडा नाही.) आईने साडी बाजूला ठेवली, घडीसुद्धा मोडली नाही, आणि तुटकी कडी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. तुम्ही सांगितलं होतं की मुंबईकडे सगळं मिळतं, नवी कडी घे. मी निघालोही होतो. पण आई म्हणाली, “नवी कशाला? माज्या भावाची वस्तू हाय. सांधून घे.” आता आईपुढे मी काय बोलणार? शिवाय मलाही वाटलं की बोटाएवढी कडी, तिला सांधायला काय लागतं. तिथेच मी फसलो.

पहिल्यांदा घरीच केलं. दोन नळ्यांतलं सोल्युशन एकत्र करून लावायचं असतं, त्याने कपापासून चपलेपर्यंत काहीही चिकटतं म्हणतात. मी कडी चिकटवली, दोऱ्याने बांधली, देवघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघतो तर दोन तुकडे, ओले आणि कोमट. मी चकित. मीना म्हणाली, हवेतल्या दमटपणाने झालं असेल. कोमट कशाने झालं याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

मग मी तळवलीचा नामा फिटर गाठला. त्याचं छोटं वर्कशॉप आहे, हात चांगला आणि तोंड त्याहून मोठं. ‘बंदूक’ शब्द ऐकताच त्याने शटर अर्धं खाली ओढलं. बंदूक तुमच्याकडे आहे, छऱ्याची आहे, लिंबासाठी आहे, हे पटवता पटवता माझा घसा बसला. शेवटी त्याने कडीचे तुकडे झाळ मारून जोडून दिले आणि म्हणाला, “यो काम माजे हातचा हाय, सुटाचा नाय.” कडी घेऊन मी विजयी वीरासारखा घरी आलो. आठवडाही लोटला नाही, आणि मामा, झाळ शाबूत पण कडी भलत्याच ठिकाणी चेपून फुटलेली! विशेष म्हणजे तिला आल्याचा वास येत होता. मी म्हटलं, आल्याच्या टेम्पोतून आलेली वस्तू, वास येणारच. नामाला दाखवली तर त्याला इतका धक्का बसला की तो स्वतः घरी आला, कडी उजेडात धरून बघितली आणि आपल्या वडिलांची शपथ घेतली. आईने त्याला भरपूर आलं घातलेला चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, जाऊ दे बाबा, तुजा काय दोष.

तिसऱ्या खेपेस नामाने इरेला पेटून कडीभोवती पोलादी पट्टा बसवला, चार स्क्रूंनी आवळलेला. दुर्बीण त्यात घालून नीट दिसतं का बघायला मी बाल्कनीत उभा राहिलो, आणि दहा मिनिटांत आमच्या सेक्रेटरी संघमित्रा मॅडम सोसायटीच्या ग्रुपवर विचारू लागल्या की सातव्या मजल्यावरून समोरच्या इमारतीवर नेम कोण धरतंय. मॅडमना घरी बोलावून दुर्बीण हातात द्यावी लागली. (त्यांनी तिच्यातून समोरच्यांचं स्वयंपाकघर बरंच निरखून पाहिलं, ते मी ग्रुपवर टाकलेलं नाही.) इतकी शोभा करून घेतली, आणि परवा बघतो तर पट्टा आहे, स्क्रू नाहीत. चारही गायब. घरात चोर येऊन चार स्क्रू नेतो का? रोज पलंगाखाली बघतो. भूतपिशाच्च मी मानत नाही, पण यंदापासून मानावं म्हणतो.

थोडक्यात, दुरुस्तीपुढे मी हात टेकले. आईचं मन मोडून नवी कडी आणायची परवानगी द्यावी, ही विनंती. म्हणजे जत्रेच्या आत दुर्बीण पोचेल आणि धनाजीचं तोंड बंद होईल. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा (लाजेने काळाठिक्कर पडलेला) भाचा,
नंदू

ता. क. – पत्राला गोंद लावतच होतो, तेवढ्यात लवंगेसाठी मीनाने आईचा पानाचा डबा उघडला. सुपारीखाली चार स्क्रू. आईला विचारलं तर तिने लपवलंसुद्धा नाही. पहिल्यांदा तिने कडी गरम पाण्यात टाकली, दुसऱ्यांदा आलं कुटायच्या बत्त्याने ठेचली, आणि तिसऱ्यांदा पट्ट्याचे स्क्रू सुरीच्या टोकाने काढले. पंचाहत्तरीची बाई! माझी सख्खी आई! नामाच्या वडिलांची शपथ आता मी कोणत्या तोंडाने परत करू?

ता. क. २ – कारण विचारलं तेव्हा म्हणाली, “कडी झाली की दुर्बीण जाईल टेम्पोनं. मग जोतीराम कशाला येतोय?” आधी माहेरी न्यायला दर जत्रेला मुराळी यायचा. आजोबा यायचे, मग तुम्ही येत होता. तिचे गुडघे गेल्यापासून कुणी आलं नाही, आणि न बोलावता माहेरी जायचं नाही ही तिची रीत. यंदा तर भाऊबीजेची साडीही टेम्पोनेच आली, तीही बंदुकीच्या दुर्बिणीला गुंडाळून. तुम्हाला तिने कडेवर वाढवलं आहे मामा, तिला ते फार लागलं. लिफ्ट चालू आहे, गाडी मी ठरवतो, खुर्चीत बसवून खाली आणू. तेव्हा वरची नव्या कडीची विनंती रद्द समजावी. तुम्ही स्वतः या आणि तिला घेऊन जा.

ता. क. ३ – स्क्रू तिने आता कमरेला खोचले आहेत, तुमच्या हातात देईन म्हणते. तोवर नुसती दुर्बीण डोळ्याला लावून बाल्कनीत बसते आणि मार्केटकडून येणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवते (संघमित्रा मॅडमनी तिला लेखी परवानगी दिली आहे). या वेळी टेम्पोतून तुम्ही उतरताय की आणखी एखादी साडी, ते तिला सगळ्यांच्या आधी दिसणार आहे. साडी असेल तर बत्ता घासून ठेवला आहे.